४५ आणि ३०: व्हिडिओ पोकरच्या मशीनवर बसण्याआधी

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही फिनिक्सला राहतो आणि वर्षातून दोन-तीनदा मित्रांबरोबर लास व्हेगासला जातो. मला स्लॉट मशीन आवडत नाही, व्हिडिओ पोकर आवडतो, कारण त्यात थोडं डोकं चालवता येतं. मागच्या खेपेला २५ सेंटच्या ‘जॅक्स ऑर बेटर’वर पाच-पाच कॉइन लावून साधारण चार तास खेळलो आणि ३१० डॉलर गेले. एक मित्र म्हणाला, तुझ्या मशीनचं पे टेबलच, म्हणजे बक्षिसांचा तक्ताच, वाईट होता. फोटो काढला होता म्हणून पाहिलं, तर पाचव्या रकान्यात फुल हाउसला ३५ आणि फ्लशला २५ दिसतात. हे वाईट म्हणजे किती वाईट? चांगलं मशीन ओळखायचं कसं, आणि ते मिळतं कुठे? जोडी आली की मी तिच्याबरोबर एक्काही धरून ठेवतो, ते बरोबर आहे का? दुसरा एक मित्र म्हणतो, एक डॉलरच्या मशीनवर जा, तिथे टेबल चांगलं असतं. डिसेंबरमध्ये सांगलीहून आई-बाबा येणार आहेत. बाबांना पत्त्यांचा भारी नाद, त्यांनाही बसवायचं आहे. त्यांच्यासाठी काही वेगळं बघावं लागेल का?

– एक वाचक, फिनिक्स, अ‍ॅरिझोना

उत्तर

नमस्कार. फोटो काढून ठेवलात हे फार बरं केलंत, कारण तुमच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्याच फोटोत आहेत.

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. शेजारी-शेजारी ठेवलेली दोन स्लॉट मशीनं दिसायला हुबेहूब सारखी असली, तरी आतून एक ८८ टक्के परत देणारं आणि दुसरं ९४ टक्के देणारं असू शकतं. बाहेरून ते कळायला मार्गच नाही. व्हिडिओ पोकरचं तसं नाही. नेवाडा राज्याचा नियम असा आहे की मशीनवर खऱ्या पत्त्यांचा खेळ दाखवला, तर पानं येण्याची शक्यता खऱ्या कॅटइतकीच असली पाहिजे. म्हणजे ५२ पानं, दर डावाला नव्याने पिसलेली, त्यातली पाच तुम्हाला, आणि तुम्ही टाकलेल्या पानांच्या जागी उरलेल्या ४७ मधूनच नवी पानं. कसिनोला जास्त पैसे राखून ठेवायचे असतील, तर पत्त्यांना हात लावता येत नाही. बक्षिसाचा आकडा कमी करावा लागतो, आणि तो आकडा समोर पडद्यावर लिहिलेला असतो. दुकानात वस्तूवर किंमत छापलेली असते, तशी इथे मशीनची किंमत छापलेली आहे. फक्त ती वाचता यायला हवी.

जॅक्स ऑर बेटरचं पूर्ण टेबल एका कॉइनला असं असतं. गुलाम, राणी, राजा किंवा एक्का यांपैकी कशाचीही जोडी आली तर १, दोन जोड्यांना २, तीन सारख्या पानांना, म्हणजे तीन पत्तीतल्या ट्रेलला ३, स्ट्रेटला म्हणजे ओळीने पाच पानांना ४, फ्लशला म्हणजे एकाच रंगाच्या पाच पानांना ६, फुल हाउसला म्हणजे तीन सारखी आणि एक जोडी अशा पाच पानांना ९, चार सारख्यांना २५, स्ट्रेट फ्लशला म्हणजे एकाच रंगाच्या ओळीला ५०. रॉयल फ्लश, म्हणजे एकाच रंगाचे दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का, याला कॉइनमागे २५०. पण पाच कॉइन लावले असतील तर रॉयलला थेट ४,०००, म्हणजे कॉइनमागे ८००. (इथे रंग म्हणजे बदाम, चौकट, किल्वर, इस्पिक, लाल-काळा नव्हे.)

यातल्या बहुतेक ओळी सगळीकडे सारख्याच असतात. कसिनो कात्री चालवतो ती फुल हाउस आणि फ्लश या दोन ओळींवर, म्हणून मशीनची ओळखही त्याच दोन आकड्यांवरून सांगतात: नऊ-सहा, आठ-पाच, सात-पाच. पडद्यावर पाचवा रकाना उजळलेला असतो आणि त्यात पाचपट आकडे असतात. त्यामुळे डोळ्यांनी शोधायचे ते ४५ आणि ३०. तुमच्या फोटोतले ३५ आणि २५ म्हणजे सात-पाच.

फरक किती पडतो ते पाहा. अचूक खेळणाऱ्याला नऊ-सहावर लावलेल्या पैशांतले सरासरी ९९.५४ टक्के परत येतात. आठ-सहावर ९८.३९, नऊ-पाचवर ९८.४५, आठ-पाचवर ९७.३०, सात-पाचवर ९६.१५ आणि सहा-पाचवर ९५ टक्के. एक पायरी खाली उतरलं की एक टक्क्याहून थोडं जास्त जातं, आणि त्यामागचं कारण सरळ आहे. अचूक खेळात फुल हाउस दर ८७ डावांत एकदा येतो, म्हणजे सुमारे १.१५ टक्के डावांत. फ्लश साधारण ९१ डावांत एकदा, म्हणजे १.१० टक्के. ज्या बक्षिसातून एक कॉइन कापला, ते बक्षीस जितक्या टक्के डावांत येतं, तितके टक्के तुमच्या खिशातून जातात. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की कुठलंही अनोळखी टेबल पाहून नुकसानीचा अंदाज तुम्हाला स्वतःलाच बांधता येईल.

आता पैशांत बोलू. २५ सेंटचे पाच कॉइन म्हणजे डावाला सव्वा डॉलर. तासाला ५०० डाव धरले तर ६२५ डॉलर मशीनमधून फिरतात. नऊ-सहावर या फिरण्याची सरासरी किंमत तासाला ३ डॉलरच्या आत आहे. आठ-पाचवर ती १७ होते, तुमच्या सात-पाचवर २४ आणि सहा-पाचवर ३१. खुर्ची तीच, पत्ते तेच, फुकटचं पेयही तेच. बदलतात ते फक्त दोन आकडे.

इथे मात्र एक खाच आहे, आणि चांगल्या मशीनवरही माणसं हरतात का, ते तिच्यात दडलंय. नऊ-सहाच्या ९९.५४ टक्क्यांपैकी जवळजवळ २ टक्के एकट्या रॉयल फ्लशचे आहेत. तो सरासरी ४०,३९० डावांत एकदा येतो. तासाला ५०० डाव म्हणजे ८० तासांत एकदा. तुमच्या चार तासांच्या बैठकीत, म्हणजे २,००० डावांत, तो येण्याची शक्यता वीसात एक. उरलेल्या एकोणीस बैठकांत ते २ टक्के तुमच्या वाट्याला येतच नाहीत आणि मशीन ९७.५६ टक्क्यांचंच असतं. म्हणून सहलीचा खर्च धरताना रॉयल येणारच नाही असं धरा. नऊ-सहावर चार तासांचा तो खर्च ६० डॉलरच्या आसपास येतो, आणि नशिबामुळे त्यात सहज १०८ डॉलर इकडे-तिकडे होतात. ३०० डॉलर वेगळे ठेवून बसलात, तर बहुतेक वेळा चार तास आरामात निघतील.

याच मापाने तुमचे ३१० डॉलर मोजून पाहू. तुम्ही २,५०० डॉलर फिरवलेत. सात-पाच टेबल आणि न आलेला रॉयल मिळून सुमारे १४६ डॉलर गेले. जोडीबरोबर एक्का धरण्याच्या सवयीचे ३५ च्या आसपास. त्याचा हिशेब पुढे देतो. उरलेले १३० नशिबाचे, आणि तेही काही अघटित नाही, अशी बैठक अधूनमधून होतेच. मशीन ‘थंड’ होतं असं मुळीच नाही. मागच्या शंभर डावांत काय आलं याची पुढच्या डावाला खबरही नसते, आणि कसिनोचं गुण देणारं खेळाडू कार्ड घातलंय की नाही, हळू खेळता की भरभर, यानेही पानं बदलत नाहीत.

जोडीबरोबर एक्का धरू नका. वाचकांची पत्रं पाहिली की ही सवय सगळ्यांत जास्त दिसते, कारण टेबलावरच्या पोकरमध्ये मोठं पान हातात असण्याला खरंच किंमत असते. इथे समोर प्रतिस्पर्धीच नाही, मग मोठं पान दाखवायचं कुणाला? गुलामांची जोडी एकटी धरून तीन पानं घेतली, तर कॉइनमागे सरासरी १.५४ परत येतात. तिच्याबरोबर एक्का धरला की दोनच पानं मिळतात आणि परतावा १.४२ वर येतो. लहान, म्हणजे दश्शी किंवा त्याखालच्या जोडीवर घसरण आणखी मोठी, ०.८२ वरून ०.६८. सव्वा डॉलरच्या डावात हे दर वेळी १५ ते १९ सेंट होतात. जोडीबरोबर एक्का असलेले हात शंभरात नऊ-दहा तरी येतात, म्हणजे तासाला आठ-नऊ डॉलर या एका सवयीपायी जातात. नऊ-सहा मशीन शोधून वाचवलेल्या पैशांतला मोठा भाग असा पुन्हा सांडतो.

बाकीचे निर्णयही असेच आकडेमोडीचे आहेत, आणि त्यातले बरेच तुम्ही मनातल्या मनात करू शकाल. समजा हातात सत्तीची जोडी आहे, आणि चार पानं बदामाची आहेत. उरलेल्या ४७ पानांत ९ बदाम आहेत. नऊ गुणिले सहा भागिले ४७ म्हणजे १.१५. लहान जोडीची किंमत ०.८२. तेव्हा जोडी मोडा आणि चार बदाम धरा. तीच जोडी आणि ५-६-७-८ अशी दोन्ही टोकं उघडी असलेली ओळ असेल, तर ८ पानं गुणिले ४ भागिले ४७ म्हणजे ०.६८. इथे जोडी मोडायची नाही. पण जोडी गुलाम किंवा त्यावरची असेल, तर तिची किंमत १.५४ आहे आणि चार बदामांसाठीही ती मोडायची नाही.

सगळ्यांत अवघड जातो तो हा डाव: बदामाची दश्शी, गुलाम, राणी, राजा आणि पाचवी बदामाची चौकी. फ्लश हातात तयार आहे, ६ मिळणार हे नक्की. तरी चौकी टाका. एक्का येण्याची शक्यता ४७ मध्ये एक, पण ८०० भागिले ४७ म्हणजे १७, शिवाय वरून स्ट्रेट फ्लश, साधा फ्लश, साधी ओळ यांचीही आशा राहते. हात धजत नाही हे मान्य, पण पाच कॉइन लावलेले असताना १७ ला ६ कधीच भारी पडत नाही. याच तर्काने रॉयलची तीनच पानं हातात असतील, तर ती चार पानांच्या फ्लशपेक्षा वरचढ आणि मोठ्या जोडीपेक्षा खालची.

वरपासून खाली पाहत येण्याचा क्रम असा लक्षात ठेवा. रॉयलला चार पानं असतील तर तयार फ्लश आणि स्ट्रेटसुद्धा मोडायचे. चार सारखे, फुल हाउस आणि तीन सारखे कधीच मोडायचे नाहीत. त्याखाली स्ट्रेट फ्लशला चार, मग दोन जोड्या, मोठी जोडी, रॉयलला तीन, फ्लशला चार, लहान जोडी, दोन्ही टोकं उघडी असलेली चार पानांची ओळ, एकाच रंगाची दोन मोठी पानं, स्ट्रेट फ्लशला तीन, वेगळ्या रंगांची दोन मोठी पानं, शेवटी एकटं मोठं पान. हातात यांतल्या दोन गोष्टी एकदम असतील, तर वरची धरा. काहीच नसेल तर पाचही टाका. त्यात लाज वाटायचं कारण नाही. एक्का, राणी, गुलाम तिन्ही वेगळ्या रंगांचे आले तर एक्का सोडून राणी-गुलाम ठेवा, कारण त्यांच्या भोवती ओळ जुळायला जास्त वाव असतो. एकटी दश्शी मोठं पान धरत नाहीत, तिच्या जोडीला पैसे नाहीत. एवढा क्रम पाळला तरी अचूक खेळापेक्षा दहा हजार डॉलरमागे आठ-दहा डॉलरच कमी पडतात. हा क्रम कागदावर लिहून मशीनसमोर ठेवायला कसिनोत कुणी हरकत घेत नाही. पाठ होईपर्यंत खुशाल ठेवा.

सरावासाठी चूक दाखवणारे फुकट ट्रेनर इंटरनेटवर आहेत. रोज अर्धा तास, दोन आठवडे पुरे. बाबांना सांगलीतच सराव करायचा असेल तर तेही फुकटच्या ट्रेनरवरच करा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर भारतात २०२५ च्या कायद्याने बंदी आहे, त्या अ‍ॅपच्या वाटेला जाऊ नका.

आता मशीन शोधण्याबद्दल. पहिला फसवा प्रकार नावाचा आहे. नऊ-सहा ही खूण जॅक्स ऑर बेटरची आहे. शेजारच्या ‘डबल डबल बोनस’वरही ४५ आणि ३० दिसतील, पण तिथे नऊ-सहाचा परतावा ९८.९८ टक्केच आहे. तिथे चार एक्के आणि सोबत दुर्री, तिर्री किंवा चौकी आली तर ४०० मिळतात. त्याची भरपाई दोन जोड्यांच्या ओळीतून होते: तिला २ ऐवजी १. ही ओळ सुमारे १२ टक्के डावांत येते, म्हणून लहान-सहान परतावे आटतात आणि पैसे भराभर खाली जातात. रॉयल न आलेल्या बैठकीतली वर-खाली जॅक्सच्या सुमारे अडीचपट असते. ३०० डॉलर चार तास पुरवायचे असतील तर हा खेळ तुमचा नाही, टेबल कितीही चांगलं असलं तरी. याउलट साध्या ‘बोनस पोकर’मध्ये आठ-पाच हेच चांगलं टेबल, ९९.१७ टक्के. तेच आठ-पाच जॅक्सवर ९७.३०. म्हणून आधी खेळाचं नाव, मग फुल हाउस आणि फ्लश, मग दोन जोड्यांची ओळ (पाचव्या रकान्यात १० की ५), आणि शेवटी रॉयलला खरंच ४,००० आहेत ना, या क्रमाने वाचा.

‘ड्यूसेस वाइल्ड’मध्ये दुर्री कुठल्याही पानाची जागा घेते आणि तीन सारख्यांपासून बक्षीस सुरू होतं. त्याचं एक जुनं टेबल अचूक खेळाला १००.७६ टक्के परत देतं, पण ते आता फार क्वचित दिसतं. चार सारख्यांना ५ आहेत का, एवढं पाहा. ४ असतील तर ते टेबल नव्हे. ४ असूनही चांगलं म्हणावं असं एक टेबल आहे: पाच सारख्यांना १६, स्ट्रेट फ्लशला १०, चार सारख्यांना ४, फुल हाउसला ४, फ्लशला ३. हे ९९.७३ टक्क्यांचं आहे. पण दुर्रीच्या खेळाची धरसोड पूर्ण वेगळी असते. जॅक्सचा क्रम तिथे लावला तर चांगलं टेबलही फुकट जाईल. एका वेळी एकच खेळ शिका.

दुसरी गोष्ट, एकाच मशीनमध्ये दहा-पंधरा खेळ आणि तीन-चार किमती असतात, आणि खेळ आणि किंमत यांच्या प्रत्येक जोडीचं टेबल वेगळं असू शकतं. २५ सेंटला सात-पाच दाखवणारं मशीन १ डॉलरला नऊ-सहा दाखवेल. पडद्यावरच्या कॉइनच्या आकड्याला बोट लावून किंमत बदलली की टेबल पुन्हा वाचायचं. पैसे न घालताही बहुतेक मशीनांवर हे सगळं पाहता येतं. नोट आत सरकवण्याआधी पाहा. नोट गेल्यावर माणूस ‘आता बसलोच आहोत तर’ म्हणतो.

लास व्हेगासमध्ये कुठे जायचं? स्ट्रिप या मुख्य रस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलांत २५ सेंटला नऊ-सहा मिळणं कठीण. तिथला गिऱ्हाईक तीन दिवसांचा पाहुणा असतो, टेबल वाचत नाही. गावातल्या लोकांच्या कसिनोत परिस्थिती बरी असते, कारण तिथे कामावरून घरी जाताना खेळणारी माणसं आठवड्याला येतात आणि टेबल घसरलं की दुसरीकडे जातात. स्ट्रिपच्या दक्षिणेला साउथ पॉइंट, स्टेशन कसिनोज कंपनीची उपनगरांतली ठिकाणं, बॉइड कंपनीची ऑर्लिन्स, गोल्ड कोस्ट, सॅम्स टाउन, आणि डाउनटाउनमध्ये एल कॉर्टेझ, इथून पाहणी सुरू करा. कुठल्या मशीनवर आज कुठलं टेबल आहे हे मात्र आम्ही छापणार नाही, कारण ते रातोरात बदलतं. ‘व्हीपीफ्री-टू’ या संकेतस्थळावर खेळणारेच कसिनोनिहाय टेबलांची यादी ताजी ठेवतात. निघण्याच्या आदल्या दिवशी ती पाहा, आणि तिथे पोचल्यावर पुन्हा स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करा.

कसिनोच्या आतही जागा पाहून अंदाज येतो. दारातली, हमरस्त्यावरची आणि खाण्याच्या रांगेजवळची मशीनं बहुतेक कापलेली असतात. बारमध्ये पेय फुकट मिळतं, म्हणून तिथलं टेबल बरेचदा बाहेरच्याहून वाईट. कोपऱ्यातल्या जुन्या मशीनांची रांग आणि मोठ्या रकमांची वेगळी खोली पाहायला विसरू नका. वीस मिनिटं नुसती चक्कर मारली तरी त्या रात्रीचे चाळीस-पन्नास डॉलर वाचू शकतात.

रॉयलचा आकडा डोक्यावर वाढत जाणाऱ्या मशीनांचा हिशेबही सांगून ठेवतो. २५ सेंटच्या मशीनवर साधा रॉयल १,००० डॉलरचा. मीटर त्यापुढे प्रत्येक १०० डॉलर चढला की परताव्यात सुमारे ०.२ टक्के भर पडते. आठ-पाचच्या मशीनवर मीटर १,५०० दाखवत असेल, तर ९७.३० अधिक १ म्हणजे ९८.३. साध्या नऊ-सहापेक्षा ते अजूनही कमीच. शिवाय ती भर पडते ती रॉयल आला तरच.

आता डॉलरच्या मशीनची गोष्ट, कारण तुमच्या मित्राचं म्हणणं अर्धं खरं आहे. १ डॉलरचं नऊ-सहा मशीन तासाला सरासरी साडेअकरा डॉलर घेतं आणि तुमचं २५ सेंटचं सात-पाच चोवीस. कागदावर डॉलर स्वस्त. पण डाव पाच डॉलरचा होतो. रॉयल न आलेल्या चार तासांत सरासरी २४४ डॉलर जातात, आणि ती रक्कम सहज ४३० डॉलरने इकडे किंवा तिकडे सरकते. म्हणजे साध्या वाईट रात्रीचे सहा-सातशे. त्यासाठी वेगळे हजारभर डॉलर बाजूला काढलेले असतील आणि ते गेले तरी घरच्या खर्चाला धक्का लागणार नसेल, तरच तो विचार करा. मागचे ३१० भरून काढायला म्हणून डॉलरवर जाणार असाल, तर आमचा सल्ला ठाम ‘नाही’ असाच आहे. हरलेली रक्कम वसूल करायला बोली चौपट करण्याची इच्छा पुन्हा पुन्हा होऊ लागली, तर १-८००-४२६-२५३७ या अमेरिकेतल्या मदतवाहिनीवर बोला.

उलट्या दिशेचाही एक बारकावा आहे. पाच कॉइन लावा हा सल्ला टक्क्यांच्या दृष्टीने बरोबर, कारण कमी कॉइनला रॉयलचे ८०० ऐवजी २५० मिळतात आणि नऊ-सहा ९८.३७ वर येतं. पण २५ सेंटचा एकच कॉइन लावला तर डावाला सरासरी ०.४ सेंट जातात, पाच लावले तर ०.५७. नवशिक्याला नऊ-सहावर एकेक कॉइन लावून पहिला तास काढायला काहीच हरकत नाही. पाच-पाच कॉइन परवडावेत म्हणून ५ सेंटच्या मशीनकडे वळणं मात्र महागात पडतं. तिथे बरेचदा सहा-पाच असतं, आणि त्याच २५ सेंटांच्या डावाला सव्वा सेंट जातो, म्हणजे तिप्पट.

खेळाडू कार्ड फुकट आहे, काढा आणि दर वेळी घाला. पण बऱ्याच ठिकाणी व्हिडिओ पोकरवर एक गुण मिळवायला स्लॉटच्या दुप्पट पैसे फिरवावे लागतात, आणि त्या गुणांची किंमत टक्क्याचा छोटासा अंश असते. टेबलातली एक पायरी एक टक्क्याहून मोठी. गुणांसाठी नऊ-सहा सोडून आठ-पाचवर बसू नका.

अ‍ॅरिझोनात किंवा वाटेत दुसऱ्या राज्यात थांबून खेळणार असाल तर एक सावधगिरी. काही ठिकाणी, विशेषतः नेटिव्ह अमेरिकन जमातींच्या काही कसिनोत, पोकरसारखी दिसणारी मशीनं आतून बिंगोची असतात. पडद्याच्या कोपऱ्यात बिंगोचं छोटं कार्ड दिसलं, तर निकाल बिंगोने ठरतोय आणि पत्ते ही नुसती चित्रं आहेत असं समजा. तिथे वरचं कुठलंच गणित लागू नाही.

राहिले बाबा. त्यांच्यासाठी खेळ तोच, पण कर वेगळा. पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाने मशीनवर मोठं बक्षीस जिंकलं की कसिनो जागेवरच ३० टक्के कर कापून घेतो. काही देशांच्या रहिवाशांना करारामुळे यातून सूट आहे, भारताला ती नाही. परदेशी पाहुण्याला हरलेले पैसे वजा करण्याची सोयही नाही. १ डॉलरच्या मशीनवरचा रॉयल ४,००० चा, त्यातले १,२०० गेले. २५ सेंटच्या मशीनवरचा रॉयल १,००० डॉलरचा असतो आणि तो मशीन कुलूपबंद करून कागदपत्रं मागण्याच्या मर्यादेखाली राहतो. त्यामुळे बाबांना २५ सेंटच्या नऊ-सहावर बसवा आणि वाढत्या मीटरच्या मशीनपासून लांब ठेवा.

तुमच्या कार्डावर त्यांना खेळवू नका, त्यांचं स्वतःचं कार्ड पासपोर्ट दाखवून काढा. बटण ज्याने दाबलं त्याचं बक्षीस, असाच कसिनोचा व्यवहार असतो आणि छतावरचा कॅमेरा ते पाहत असतो. ‘मी दाबतो, तुम्ही सही करा’ असली तडजोड ऐन वेळी चालत नाही, आणि कर चुकवण्यासाठी ती करणं हा गुन्हा आहे. पुढे-मागे मोठं बक्षीस लागलंच, मशीनचे दिवे लुकलुकले आणि पडदा अडकला, तर कुठलंही बटण दाबू नका, खुर्ची सोडू नका, कर्मचारी येईपर्यंत थांबा. म्हणून त्या दिवशी बाबांचा पासपोर्ट हॉटेलच्या खोलीत ठेवायचा नाही. तो त्यांच्या खिशात हवा, आणि चष्मासुद्धा, म्हणजे ४५ आणि ३० त्यांचे त्यांनाच वाचता येतील.